चंदन की चंद्र?

देशाच्या राजधानीत कोंबड्याच्या आरवण्यानं जाग येईल, असं मला वाटलं नव्हतं. तेही एका कोंबड्याच्या नव्हे. आधी गल्लीतला एक ओरडला, मग देवळाच्या आवारातला, मग लांब नदीच्या बाजूला कुणी तरी तिसरा. त्यानंतर भिक्षापात्रं घेऊन चाललेल्या भिक्खूंची अनवाणी पावलं. पहिला हॉर्न ऐकू आला तेव्हा साडेसात वाजून गेले होते, आणि तोही कुणी ओळखीच्या माणसाला हाक मारल्यासारखा, अर्धवट.

लाओसची राजधानी व्हिएंटियान. वस्ती दहा लाखांच्या आतबाहेर. दक्षिणेला मेकाँग नदी, आणि नदीपलीकडे दिसतो तो काठ थायलंडचा. उन्हाळ्यात पाणी इतकं आटतं की शहर आणि नदी यांच्यामध्ये वाळूचं मैदान पसरतं. संध्याकाळी अख्खं गाव काठावर येतं. एका बाजूला लाऊडस्पीकरवर सामुदायिक व्यायाम, दुसऱ्या बाजूला लाल छपरांचा रात्रबाजार, आणि मध्ये काहीही न करता बसलेली माणसं. देशाच्या इंग्रजी नावाच्या शेवटी 'पी. डी. आर.' अशी अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ 'प्लीज डोन्ट रश' असा लावायचा, हा इथला जुना विनोद. पर्यटनाच्या पुस्तकांतली ठिकाणं दोन दिवसांत बघून होतात आणि तिसऱ्या दिवशी इथं करायचं काय, असा प्रश्न पडतो.

मला तिसऱ्या दिवशी करायला काम मिळालं ते गेस्ट हाउसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरामुळे. सोमवार होता. काउंटरवरच्या मुलीला मी सहज विचारलं, आजच्या वाराला तुमच्याकडे काय म्हणतात? ती म्हणाली, "वान चान." वान म्हणजे दिवस. आणि चान? तिनं बोट वर केलं. चंद्र.

मग तिनं पुढचे वार सांगितले आणि मी हातातली कॉफी खाली ठेवली. वान आंखान. वान फुत. वान फाहात. वान सुक. वान साओ. वान आथित. एकदा सावकाश म्हणून बघा. फुत म्हणजे बुध. फाहात म्हणजे बृहस्पती. सुक म्हणजे शुक्र. आथित म्हणजे आदित्य. साओ म्हणजे सौर, सूर्याचा मुलगा, शनी. आणि आंखान म्हणजे अंगारक! ज्या अंगारकीला आपल्याकडे सिद्धिविनायकाची रांग लांबच लांब जाते, तो अंगारक इथं दर मंगळवारी मुकाट्यानं येऊन जातो.

लाओ ही संस्कृतच्या घरातली भाषा नाही. थाईची सख्खी बहीण, कुळ वेगळं, प्रत्येक शब्दाला सुरांचे चढउतार. पण बौद्ध धर्माबरोबर पाली आली, शेजारच्या ख्मेर राज्याकडून संस्कृत आलं, आणि दोघींचे शब्द इथं राहून गेले. राहताना त्यांचे उच्चार मात्र बदलले. ते कसे बदलले याचे नियम आहेत, आणि ते हाती लागले की व्हिएंटियान हे शहर पाट्या वाचत हिंडण्यासारखं होतं.

नियम संगीतखुर्चीचे आहेत. काही शतकांपूर्वी या भाषेतले घोष वर्ण आपल्या जागेवरून उठले. ब उठला आणि फ च्या खुर्चीवर जाऊन बसला, द गेला थ कडे, ग गेला ख कडे. म्हणून बुधाचा फुत, आदित्याचा आथित, नगराचं नाखोन. ब ची खुर्ची रिकामी दिसताच तिथं प बसला. पुण्य झालं 'बुन', आणि आज लाओसमध्ये कुठल्याही सणाला बुनच म्हणतात. द च्या जागी आला त. तारा झाली 'दाला', आणि ही दाला आकाशात असते तशी सिनेमातही असते. आपली तारकाच. ज चा झाला स, म्हणजे जय चा साय. जोडाक्षरातला र बहुतेक वेळा गळाला, सुटा र ल झाला. आणि शब्दाच्या शेवटी तर फारच थोड्या व्यंजनांना उभं राहायची परवानगी. तिथं र किंवा ल आला की त्याचा न होतो, श, स, द, ध आले की त्यांचा त. नगराच्या शेवटी न का आला, ते आता कळलं असेल. अंगाराच्या शेवटीही तोच न.

एवढी किल्ली घेऊन बाहेर पडले. पहिल्याच चौकात बँक. बँकेला लाओत 'थानाखान'. ध चा थ, ग चा ख, शेवटच्या र चा न: धनागार. विद्यापीठाची पाटी 'महाविथायालाय', ही तर न सोडवताही कळते. टेलिफोन म्हणजे 'थोलासाप'. याच्यावर मी बराच वेळ घालवला. थोला हा दूर, आणि साप म्हणजे शब्द. दूरशब्द! सावरकरांनी मराठीला दूरध्वनी दिला. तिकडे विसाव्या शतकात बँकॉकमध्ये राजपुत्र वान आणि इतर पंडित नव्या गोष्टींसाठी संस्कृत-पालीतून शब्द घडवत होते, आणि अशा टांकसाळीतून निघालेले कितीतरी शब्द नदी ओलांडून लाओत आले. तारेतून येणाऱ्या आवाजाला नाव देताना दोन्हीकडच्या माणसांनी एकाच कपाटात हात घातला, एकमेकांची खबरबातही नसताना.

आता ते पी. डी. आर. बघा. देशाचं लाओ भाषेतलं अधिकृत नाव नोटांवर छापलेलं असतं: साथालानालात पासाथिपाताय पासासोन लाओ. पहिल्यांदा ऐकलं की जीभ अडखळते. पण लात म्हणजे राष्ट्र, साथालाना म्हणजे साधारण, सर्वांचं. सर्वांचं राष्ट्र म्हणजे प्रजासत्ताक. पासाथिपाताय मध्ये प्रजा आणि अधिपती. पासासोन म्हणजे प्रजाजन. 1975 साली राजेशाही घालवून आलेल्या साम्यवादी सरकारनं स्वतःला दिलेलं हे नाव आहे, आणि 'लाओ' हा शब्द सोडला तर त्यातलं सगळं आपल्याकडे ओळखीचं निघतं. ज्या चळवळीनं ही क्रांती केली तिचं नाव जगाच्या वर्तमानपत्रांत 'पाथेत लाओ' असं यायचं. पाथेत म्हणजे प्रदेश. इतकंच.

मुख्य रस्त्याच्या टोकाला पातुसाय आहे, विजयद्वार. पातु हा त्यांचा घरचा शब्द, दार. साय म्हणजे जय. फ्रेंचांपासून स्वातंत्र्य मिळवताना जे गेले त्यांच्या स्मरणार्थ 1957 पासून ही कमान बांधायला घेतली, आणि नमुना घेतला तो नेमका पॅरिसच्या विजय कमानीचा. सिमेंट अमेरिकेनं विमानतळाच्या धावपट्टीसाठी दिलेलं होतं, ते इथं लागलं. म्हणून हिला उभी धावपट्टी म्हणतात. कमानीखालची माहितीची पाटी कित्येक वर्षं पर्यटकांत प्रसिद्ध होती, कारण तिच्यावर सरकारनंच लिहून ठेवलं होतं की जवळून पाहिलं तर ही वास्तू आणखीच कमी प्रभावी दिसते, काँक्रीटच्या राक्षसासारखी. इतका प्रामाणिक सरकारी फलक मी दुसरा पाहिलेला नाही. पण मान वर करून छताकडे बघा. तिथं विष्णू, ब्रह्मा आणि इंद्र आहेत.

पुढे थात लुआंग, देशाच्या बोधचिन्हावर असलेला सोनेरी स्तूप. थात हा शब्द सोडवायला सोपा, पण अर्थ लावायला जरा थांबावं लागतं. तो आपला धातू. पालीत धातू म्हणजे बुद्धाच्या अस्थींचा अवशेष, आणि अवशेष ज्यात ठेवायचे त्या स्तूपालाही तेच नाव पडलं. याचं पूर्ण नाव ऐकलं की दिवाळी अंकातल्या एखाद्या जाहिरातीसारखं वाटतं: लोकचूडामणी. बांधला 1566 मध्ये राजा सेत्थाथिलात यानं, ज्यानं राजधानी लुआंग प्राबांगहून इथं हलवली. स्तूपासमोर त्याचा पुतळा आहे, टोपी घालून, मांडीवर तलवार आडवी ठेवून बसलेला. नावाच्या शेवटी अधिराज आहे, त्यात शंका नाही. आधीचा भाग लाओ लेखनात श्रेष्ठ वाचावा असा आहे, आणि नदीपलीकडे थाई लोक तोच ज्येष्ठ म्हणून लिहितात. श्रेष्ठाधिराज की ज्येष्ठाधिराज? दोन्ही उच्चार झिजून एकाच जागी आले आहेत. पुतळ्याला काही फरक पडत नाही.

आणि मग मला शहराच्या नावाचीच शंका आली.

व्हिएंटियान हे फ्रेंचांनी केलेलं लेखन. लोक म्हणतात वियांगचान. वियांग म्हणजे तटबंदीचं गाव. आणि चान? सोमवारचा तो चान? उच्चार अगदी तोच. लाओ लिपीत लिहितातही तसंच. मग हे चंद्राचं गाव झालं. पण पुस्तकं सांगतात चंदनाचं गाव. चंदन म्हटलं तरी शेवट गळून उरतो चानच. दोघांपैकी खरा कोण, याचा पुरावा नदीपलीकडे आहे. थाई लिपीत संस्कृत शब्दाची न उच्चारली जाणारी शेवटची अक्षरंही लिहून ठेवतात, डोक्यावर एक चिन्ह देऊन, की ही फक्त दाखवायची आहेत, म्हणायची नाहीत. चंद्राच्या शेवटी मुका र असतो, चंदनाच्या शेवटी मुका न. थायलंडच्या नकाशात या शहराच्या नावाला तो मुका न आहे. चंदन.

लाओ लोकांनी ही मुकी अक्षरं का टाकली? 1975 नंतर त्यांचं धोरण स्पष्ट होतं: जसं बोलतो तसं लिहायचं. शेतकऱ्याच्या पोराला अक्षरओळख व्हायची तर न बोलले जाणारे वर्ण कशाला पाठ करायला लावायचे? कुणाला हे भाषेचं नुकसान वाटतं, तर हसण्याआधी आपल्याकडे बघावं. साहित्य महामंडळानं 1962 मध्ये अनुच्चारित अनुस्वार काढले. त्याआधी माणसाला असायचं ते नांव आणि पाण्यात चालायची ती नाव. टिंब गेलं आणि दोघांचं नाव एक झालं. आपण कधी नावेत बसताना गोंधळलो नाही. वियांगचानचे लोकही सोमवारी गोंधळत नाहीत.

शहराच्या मध्यभागाच्या तालुक्याचं नाव चान्थाबुली. प चा ब, र चा ल, म्हणजे पुरी. चंदनपुरी. चंद्र धरला असता तर सरळ आपलं चंद्रपूर झालं असतं. शेजारचा तालुका सीसत्तानाक. सी म्हणजे श्री, नाक म्हणजे नाग. लोक यातला नाग मेकाँगमधला समजतात, आणि का समजू नये? नदीच्या तळाशी नागराज राहतो हे इथं कुणाला सिद्ध करून द्यावं लागत नाही. प्रत्येक देवळाच्या जिन्याला त्याचं अंग कठडा म्हणून उतरत येतं. शहरातल्या थात दाम या काळ्या पडलेल्या जुन्या स्तूपाखाली सात फण्यांचा नाग राखणीला आहे, अशी कथा आहे. पण पालीचे जाणकार सांगतात की मूळ लांबलचक नावात शत आहे, नहुत म्हणजे दहा हजार आहे, आणि नाग म्हणजे इथं हत्ती. शंभर गुणिले दहा हजार, दहा लाख हत्ती. 1353 मध्ये स्थापन झालेल्या राज्याचं लाओ नाव लान सांग, त्याचाही अर्थ तोच. संस्कृतात नाग हत्तीही असतो हे आपण अमरकोशात वाचून विसरलेलो असतो. इथं हत्ती हळूच पाण्यात उतरले आणि साप झाले.

एवढ्या जुन्या शहरात जुनं लाकूडकाम, जुने चौथरे इतके कमी का, हा प्रश्न वाट सीसाकेतच्या आवारात सुटतो. राजा अनुवोंग यानं हे देऊळ 1818 च्या सुमारास बांधायला घेतलं. त्याच्या नावात अनु आणि वंश आहेत, आणि त्याच्याबरोबरच इथला वंश संपला. सयामशी, म्हणजे आजच्या थायलंडशी, त्यानं युद्ध केलं, हरला, आणि 1828 पर्यंत सयामी सैन्यानं हे शहर जाळून, माणसं नदीपार हाकून, रिकामं केलं. हे एक देऊळ जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. पुढे 1867 मध्ये मेकाँगचा शोध घेत आलेल्या फ्रेंच मोहिमेला इथं झाडीत बुडालेले अवशेष दिसले. त्या वेळी मोहिमेतल्या लुई दलापोर्त यानं काढलेली थात लुआंगची चित्रं नंतरच्या जीर्णोद्धारात उपयोगी पडली. आजचा स्तूप अर्धा दगडातून उभा आहे आणि अर्धा कागदातून.

वाट सीसाकेतच्या चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत. भिंतीत कोनाड्यांच्या ओळीच्या ओळी, पणती ठेवायला करतात तेवढे कोनाडे, आणि बहुतेकांत दोन दोन बुद्ध, खांद्याला खांदा लावून. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा कान. पुढे ओट्यावर मोठ्या मूर्ती. सगळ्या मिळून सहा हजारांहून जास्त. एका कोपऱ्यात जाळीच्या दाराआड लढाईत मोडलेल्या मूर्ती रचून ठेवल्या आहेत, धडं एकीकडे, शिरं एकीकडे. मी तिथं असताना एक म्हातारी बाई झाडत होती. कोनाड्यांखालून झाडू फिरवत ती जाळीपाशी आली, थांबली, आतल्या डोकी नसलेल्यांना हात जोडले, आणि पुन्हा झाडायला लागली. रस्ता ओलांडला की हो फा केओ, पाचूच्या बुद्धासाठी बांधलेलं देऊळ. पाचूचा बुद्ध सयामी सैन्यानं 1779 मध्ये नेला. तो बँकॉकमध्ये आहे. देऊळ आता वस्तुसंग्रहालय आहे.

या शहरात एक शब्द असाही ऐकला ज्याचं मूळ शोधायला कुठलाही नियम लागला नाही. 'बोंबी'. कोप नावाच्या केंद्रात कृत्रिम हातपाय बनवतात आणि तिथं एक छोटं प्रदर्शन आहे. छताला दोऱ्यांनी टांगलेले चेंडूएवढे लोखंडी गोळे. 1964 ते 1973 या काळात अमेरिकी विमानांनी या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतल्या गुच्छबॉम्बमधून असे सुमारे 27 कोटी गोळे विखुरले, आणि अंदाजे 8 कोटी फुटलेच नाहीत. ते शेतांत आहेत, ओढ्यांत आहेत, बांबूच्या बेटांत आहेत. मुलं खेळणं समजून उचलतात. बोंबी हा शब्द लहान मुलालाही म्हणता येईल इतका मऊ आहे. त्यानंतर बराच वेळ मी एकही पाटी वाचली नाही.

संध्याकाळी नदीकाठी जेवायला बसले. बांबूच्या झाकणाच्या टोपलीत चिकट भात. तो बोटांनी गोळा करून खायचा, चमचा लागत नाही, हे बघून बरं वाटलं. बरोबर 'लाप', मांस बारीक चिरून पुदिना, मिरची, भाजलेल्या तांदळाची भरड घालून केलेलं. लाओसमध्ये शुभकार्याला लाप हवंच. का? कारण लाप म्हणजे लाभ. खरं तर पदार्थाचं नाव त्यांचं घरचं आणि लाभ हा पालीतून आलेला. पण भ शेवटी आला की त्याचा प होतो, आणि दोघे एकसारखे ऐकू येतात. एवढं निमित्त पुरलं. आपण दुकानाच्या उंबऱ्यावर शेंदरानं शुभ-लाभ लिहितो, हे लोक तो खातात. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी मला रामाची कथा माहीत आहे का म्हणून विचारलं. त्यांच्याकडे तिचं नाव 'फा लाक फा लाम': लक्ष्मण आधी, राम नंतर. राम आणि रावण त्यात चुलतभाऊ, आणि सगळं घडतं ते याच नदीच्या काठानं. "म्हणजे इथंच," असं म्हणत त्यांनी पलीकडच्या अंधारात बोट दाखवलं. तिकडे थायलंडच्या बाजूला दिवे लागले होते. मी मान डोलावली. लक्ष्मण आधी येतो हे मला फारच आवडलं होतं. बिचारा आपल्याकडे कायम मागे चालतो.

निघायच्या दिवशी रस्त्याकडेच्या झाडाखाली पांढरी फुलं पडलेली होती, मध्ये पिवळी झाक. लाओसचं राष्ट्रीय फूल. काउंटरवरच्या मुलीला नाव विचारलं. "दोक चाम्पा." दोक म्हणजे फूल. चाम्पा. आपलाही चाफाच, देवचाफा, खुरचाफा म्हणतो तो. हे झाड मुळात अमेरिका खंडातलं, दोन्हीकडे उशिरा आलेलं. खरा चंपक म्हणजे सोनचाफा, वेगळ्याच कुळातला. हे परकं झाड जिथं आलं तिथं कुणी तरी वास घेतला असेल, घरातल्या ओळखीच्या फुलाची आठवण झाली असेल, आणि त्याचंच नाव याला दिलं असेल. कोकणात एकानं आणि मेकाँगकाठी दुसऱ्यानं.

तिनं एक फूल उचलून माझ्या पर्सच्या बंदात खोचलं. विमानतळावर काचेतून पाहिलं तर लाओ एअरलाइन्सच्या विमानाच्या शेपटीवरही तेच फूल होतं, निळ्यावर पांढरं. माझ्या पर्सवरचं तोवर कडेनं तपकिरी व्हायला लागलं होतं. वार होता आंखान.